ऋषभ भिया प्रोसेसर विकत नाही

इंदूर, रविवार

आदरणीय मैत्रीताई,

सप्रेम जय भीम. तुझी आणि भाऊजींची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. नसेल तर हे पत्र बरं वाटल्यावर वाच, कारण ते लांबणार आहे. इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे प्रीती मजेत आहे आणि मी तिच्या मजेच्या आड येत नाही. कॉम्प्युटरचं काय झालं असं तू तीनदा विचारलंस. ही हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही. फोनवर तू मध्येमध्ये हसतेस आणि माझी लिंक तुटते.

कॉम्प्युटर हवा होता प्रीतीला. ती घरून दहावीचं गणित ऑनलाइन शिकवते हे तुला ठाऊक आहेच. तिचा लॅपटॉप असा तापायचा की वर्गसमीकरणापर्यंत (इथली पोरं त्याला द्विघात म्हणतात) पोचला की बंद पडायचा. निवायचा, तोवर तास संपायचा. पोरांची अशी समजूत झाली होती की वर्गसमीकरण मांडायचं असतं, सोडवायचं नसतं. मग तिने युक्ती काढली. फ्रीजरमधली मटारची थैली लॅपटॉपखाली ठेवायची. लॅपटॉप जरा तगायचा, पण मटार वितळायचे, आणि वितळलेले मटार त्याच दिवशी संपवावे लागतात. आम्ही गेल्या उन्हाळ्यापासून रोज मटार खातोय. मटार पोहे, मटार खिचडी, मटारचं आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही. शेवटी मी म्हटलं की बस्स, तुझ्यासाठी चांगला कॉम्प्युटर बांधून घेऊ. बांधून म्हणजे सुटे भाग निवडून, शिंप्याकडे मापाचा शर्ट शिवतात तसा.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं, जेल रोडच्या मागच्या गल्लीत ऋषभ भियाचं (भिया म्हणजे इथला भैया) दुकान आहे, एकदम ईमानदार माणूस. ताई, हा ईमानदार शब्द मी तेव्हा हलक्यात घेतला. दुकानात पाऊल ठेवलं तर आत सात-आठ माणसं स्टुलांवर बसून चहा पीत होती, जणू कुणाच्या तरी बारशाला आली आहेत. मी ऋषभ भियाला काय हवंय ते सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, काचेच्या कपाटातल्या प्रोसेसरकडे (प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, एवढं मला त्या दिवशी कळलं) एकदा पाहिलं, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "भिया, आज मत लो. नया आ रिया है. आज दे दूँगा तो मेरी आत्मा नी मानेगी."

मी कधी आयुष्यात असा दुकानदार पाहिला नव्हता. सियागंजच्या बाजारात तर आपण नको म्हटलेलं सामानसुद्धा पिशवीत घालतात. मी भारावून एका स्टुलावर बसलो. मग कळलं की बाकीचे सगळे गिऱ्हाईकच आहेत आणि तेही थांबलेले आहेत. सगळ्यांत जुने रामभाऊ, रेल्वेतून निवृत्त. ते नातवासाठी कॉम्प्युटर घ्यायला आले तेव्हा नातू आठवीत होता. आता तो बेंगळुरूला नोकरीला लागला, तिथे त्याला ऑफिसनेच कॉम्प्युटर दिला, पण रामभाऊ अजून थांबलेत, कारण आता सोडलं तर इतकं थांबणं वाया जाईल. दुसरा सुजय, सिमरोलच्या कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतो. कुठला प्रोसेसर कधी येणार याच्या खबरा तोच आणतो. तिसरी प्राची, घरांचे नकाशे काढणारी. कॉम्प्युटर नसल्यामुळे तिने थांबता थांबता हाताने नकाशे काढायला सुरुवात केली आणि आता तिचा हात इतका बसलाय की लोक लांबून बघायला येतात. सुजयचं आणि प्राचीचं दुकानातच जमलं. तारीख मात्र अजून ठरलेली नाही.

तू विचारशील की ऋषभ भियाचं पोट कशावर चालतं. मीही विचारलं. तो आम्हा थांबलेल्यांचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि थांबलेले लोक वाढतच असतात.

ताई, खरं सांगतो, मला तिथे बरं वाटायला लागलं. विमा ऑफिसात दिवसभर कुणी माझ्याशी धड बोलत नाही. इथे पाय ठेवला की "आओ ज्ञानदीप भिया" म्हणून स्टूल सरकवतात. सुजय नवीन खबर सांगायचा, आम्ही माना डोलवायचो, कुणीतरी कचोरी आणायचं. मला त्यांनी एकमताने थांबणाऱ्यांच्या मंडळाचं सेक्रेटरी केलं. घरी प्रीती विचारायची, आला का? मी म्हणायचो, येतोय. ती मटार सोलायची (थंडीत ताजे स्वस्त होते, ते सोलून ती गोठवायची. पुढच्या थैल्यांची सोय.)

आणि मग तो आला. ऋषभ भियाने नव्या प्रोसेसरचा डबा काउंटरवर ठेवला. बिस्किटाएवढी वस्तू, पण आम्ही सगळे उभे राहिलो. रामभाऊंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. प्राची म्हणाली की आधी रामभाऊ. रामभाऊ म्हणाले की आधी सेक्रेटरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हा घेतला तर उद्या ऑफिस सुटल्यावर मी जाणार कुठे? तेवढ्यात सुजयने घसा साफ केला आणि सांगितलं की याच्या पुढचा जाहीर झालाय, तो याच्यापेक्षा कितीतरी तेज आहे. ताई, त्या दुकानात असा मोठा सुस्कारा सुटला की कॅलेंडर हललं. ऋषभ भियाने डबा कपाटात ठेवून दिला आणि जिलेबी मागवली.

जिलेबी येण्याआधी प्रीती आली. मी तिला तिथे कधी नेलं नव्हतं. रिक्षावाल्याला विचारत विचारत आली होती. लॅपटॉप त्या सकाळी कायमचा गेला होता, मटारांसकट. कपाटात खालच्या खणात धूळ खात पडलेल्या एका जुन्या प्रोसेसरवर बोट ठेवून ती शांतपणे म्हणाली, "भैया, इसमें द्विघात समीकरण पूरा हो जाएगा?"

ऋषभ भिया गोंधळला. त्याने कर्तव्य म्हणून त्या प्रोसेसरचे सगळे दोष सांगितले, नव्याचे गुण सांगितले, पुढच्याचे त्याहून जास्त सांगितले, आणि म्हणाला, भाभीजी, थोडा रुक जाओ. प्रीती म्हणाली, "बच्चों का पेपर सोमवार को है. उनको भी बोल दूँ कि रुक जाओ, अगले साल और अच्छे सवाल आएँगे?"

सेक्रेटरी म्हणून यावर बोलायचं काम माझं होतं, पण मी जिलेबीवाल्याच्या दिशेने बघत होतो.

मग ऋषभ भियाने विकला. बिलबुक सापडेना, भाव आठवेना, त्याने घरी वडिलांना फोन करून विचारलं की विकताना काय काय म्हणायचं असतं. बाकीचे भाग प्रीतीने असे निवडले जशी भाजी घेते: हे द्या, ते द्या, नाही, हलकं नको. आणि मग आमचं अख्खं मंडळ एकेक भाग हातात घेऊन तिच्यामागे घरापर्यंत चालत आलं. प्राचीकडे पंखा, सुजयकडे रिकामा डबा, आणि सगळ्यांपुढे रामभाऊ, दोन्ही तळव्यांवर प्रोसेसर धरून, अनवाणी. चपला का काढल्या हे त्यांनाही सांगता आलं नाही. राजवाड्याजवळ दोन माणसांनी आम्हाला नमस्कार केला.

घरी ऋषभ भियाने सगळं जोडलं आणि प्रीतीने लगेच तास सुरू केला. आम्ही मागे सतरंजीवर बसलो, कारण उठून जाणं कुणाला बरं दिसेना. ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला शिकवताना पहिल्यांदाच नीट ऐकलं. वर्गसमीकरण पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलं. त्याला दोन उत्तरं असतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात, हे ऐकून एका पोरीने विचारलं, "मॅडम, सच में?" मागून रामभाऊंनीही हात वर केला. त्यांचीही तीच शंका होती. प्रीतीने त्यांनाही समजावलं, न रागावता, पुन्हा पहिल्यापासून. माझ्याशी ती इतकं हळू कधी बोलत नाही. पण मीही तिच्यासमोर असा गप्प कधी बसलो नव्हतो.

सोमवारी पेपर झाला. पोरं खूश आहेत. ऋषभ भिया दोन दिवस दुकान बंद करून बसला, पण आता सावरलाय.

भाऊजींना जय भीम, छोट्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
ज्ञानदीप

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तुमच्या नागपुरात एक दुकानदार आहे म्हणे, तो ऋषभ भियाहूनही ईमानदार आहे. त्याने आजवर गिऱ्हाइकाला दुकानाची पायरीसुद्धा चढू दिलेली नाही. पुढच्या प्रोसेसरबद्दल त्याचं मत घ्यावं असं मंडळाचं ठरलं आहे. येत्या शनिवारी आम्ही अकरा जण तुझ्याकडे उतरतोय. गाद्या नसल्या तरी चालतील. रामभाऊंना रात्री दूध लागतं.

ता. क. २. मटार नकोत.

(मैत्रीताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली लिहिते. दूध जास्तीचं घेऊ नका, कुणी येत नाही. काल मंडळाची मीटिंग झाली. नागपूरला कुठलीशी नवी, जास्त वेगाची गाडी सुरू होणार आहे असं सुजय म्हणाला, तेव्हा तोवर थांबायचं ठरलं. मी मात्र शनिवारच्या जुन्याच गाडीने येतेय. एकटी. प्रीती)