मध्यंतरानंतरचा माणूस

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. सकाळी शाळेत तास घेतले, दुपारी कपडे धुतले, संध्याकाळी एकटीच सिनेमाला गेले. तुमचे दादा जन्मभर कौतुक करत होते तोच, खुनाचा जुना सिनेमा. वाचनालयाच्या सभागृहात लावला होता. इतका खरा सिनेमा दुसरा नाही, तू बघच, असं ते दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी माझे तपासायचे पेपर आड यायचे.

खरा कसला डोंबलाचा! एका शिंप्याचा खून होतो. बायको दोन हुंदके देते, केसांची बटही हलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा कोट घडी करून ट्रंकेत टाकते. हे गेल्यापासून यांचा छापखान्यातला निळा कोट चार महिने खुंटीवर आहे, पाठीला शाईचे डाग तसेच. माझा हात लागत नाही त्याला. तिळपापड झाला नुसता. मध्यंतरातच उठून आले. ज्यांना हे खरं वाटलं त्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं काढली?

रागावून लिहिलंय, पण माया पातळ करू नका.

तुमची वहिनी

१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

स. न. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग हसू येईना. अगं, तू उठलीस तिथे दादा आत शिरायचा! गोष्ट त्यालाही भंगारच वाटायची.

चित्रीकरण आमच्या गल्लीत झालं होतं, कॅमेरा लपवून. रस्त्यावरची माणसं खरी आहेत. त्यांत आमचे बाबा आहेत. ते गेले तेव्हा दादा लहान, मी पाळण्यात. घरात त्यांचा एकही फोटो नाही. मला बाबा दाखवले ते दादाने, त्या पडद्यावर. तुला सांगायचं नाही अशी मला तंबी होती. तू आपणहून ओळखतेस का, हे त्याला बघायचं होतं. म्हणून कुठला माणूस ते मीही सांगत नाही. पुन्हा खेळ असेल तर मुकाट्याने जा, आणि शाळामास्तरीण, शेवटपर्यंत बस.

जीव लावते आहेस तसाच लाव.

तुझी नणंद

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. काल गेले. शेवटपर्यंत बसले. सिनेमा भिकारच आहे, मत बदललेलं नाही.

खुनी पळतो, आणि कोपऱ्यावर एकजण सायकलची चेन बसवून उठतो, दोन्ही हात मागे नेऊन पाठीला पुसतो. यांच्या याच सवयीवर मी लग्नापासून ओरडत आले. चेहरा धड दिसलाही नाही. शेजारच्या बाईंनी बरं वाटत नाही का विचारलं, तेव्हा तिकडे बोट करून सांगितलं की ते माझे सासरे.

यांच्यावरचा राग मात्र गेला नाही. एका शब्दाने सांगितलं असतं तर पेपर गेले असते खड्ड्यात. शेजारी बसून ओळखलं असतं. आता ओळखलं, ते सांगू कुणाला? म्हणून तुम्हाला कळवते. तुम्ही तरी माझ्यापासून काही लपवू नका, एवढा लोभ असू द्या.

घरी येऊन कोट खुंटीवरून काढला, खिडकीत नेऊन झटकला. डाग तसेच ठेवले. परत खुंटीवर अडकवला आणि दूध तापवायला ठेवलं.

तुमची वहिनी