सालोमीच्या अंगातलं रक्त

गिरीज, वसई
७ मार्च १९९८

प्रिय एलिसा,

रविवारी फोनवर जॉयल कौतुकानं सांगत होता, "मावशी, हिला बर्फाचे डोहाळे लागलेत. दिवसभर कडाकडा चावते." मी हसले नाही, म्हणून त्याला वाईट वाटलं असेल. त्याला म्हणावं, मावशी अशीच आहे. तू मात्र हे पत्र मिळताच रक्त तपासून घे. बर्फ, माती, कच्चे तांदूळ यांची अशी ओढ बहुतेकदा अंगात लोह कमी पडलं की लागते. आणि आता ते तुला दोघांना पुरवायचं आहे.

इकडे सगळं ठीक. सॅन्टन पुढच्या आठवड्यात नाशिकला येतोय, त्याच्याबरोबर सुका जवळा आणि लोखंडी कढई पाठवते. पालेभाजी त्या कढईत कर, वर लिंबू पिळ. जेवल्याजेवल्या चहा बंद. त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उपवासकाळ चालू आहे, तू मासळी-मटण सोडलं असशीलच. आजपासून खायला लाग. गरोदर बाईला चर्चची सूट असते.

ती तुझ्या आईलाही होती. फादर घरी येऊन सांगून गेले. त्यांची पाठ वळताच सालोमी म्हणाली, "फादरांची किती बाळंतपणं झाली गो?" आम्ही सगळ्या हसलो. तुझे बाबा बोटीवर होते, कित्येक महिने पत्र नव्हतं. इग्नेशियस सुखरूप परत यावा म्हणून तिनं सबंध उपवासकाळ कडक पाळायचा नवस केला होता. पेजेवर आणि चहावर राहायची. फुटक्या माठाची खापरी पदराच्या गाठीला बांधून दिवसभर चघळायची. शेजारणी डोहाळे म्हणून आणखी तुकडे आणून द्यायच्या. नर्सबाईंनी दिलेल्या गोळ्यांनी शौचाला काळं व्हायला लागलं, तशी तिनं त्या घाबरून सोडल्या. लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. "तुझं कॉलेज चुलीत घाल, बाय," म्हणाली. ओठ पांढरेफटक पडले होते, तरी गोरी झाले म्हणून मिरवायची. इग्नेशियस सुखरूप आला. तोवर तिला माती देऊन झाली होती.

फोन ठेवता ठेवता जॉयलनं आवाज खाली आणून आणखी एक सांगितलं. तू झोपेत रडतेस आणि जागी झालीस की म्हणतेस, मी आईला घेतलं, आता हे मला घेणार. त्यासाठी हे पत्र. शाळेत कुणीतरी तुला 'आईला खाऊन आलेली' म्हणालं होतं, ते तुझ्या बाईंनी मला कळवलं होतं. तू घरी काही बोलली नाहीस, फक्त त्या वर्षापासून वाढदिवसाचा केक करू दिला नाहीस. घरात सगळे देवाची इच्छा म्हणत राहिले. डॉक्टर मला वेगळं म्हणाले होते. बाळंतपणात रक्त गेलं ते फार नव्हतं, धडधाकट बाई त्यातून तगली असती. हिच्या अंगात मुळातच नव्हतं, आणि ते तू पोटात येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं होतं. तू तिचं काही घेतलं नाहीस, बाळा. घेण्याजोगं तिच्याकडे उरलंच नव्हतं. मी तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तुझं वजन लागत नव्हतं. तिच्या कुशीत तूही उपाशीच होतीस.

तपासणीच्या निकालाची वाट पाहणारी
तुझीच,
पॉलिनमावशी