तीन शब्दांवर

४ जून

चि. बंडूस,
अ. उ. आ.

आधी खाली बस, मग पुढचं वाच. चिमीचं सरकारी अनुदान नामंजूर झालं. आमच्या शाळेतल्या नऊपैकी आठ मुलांचं आलं, आपल्याच पोरीचं अडलं. या महिन्याच्या अखेरीस तिला घरी न्यायला सांगितलंय. तिची इथली जागा आणि दिवसभर तिचा हात हातात धरून बसणारी शिक्षिका, दोन्ही त्या अनुदानावरच चालतं.

कारण वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. फॉर्ममध्ये विचारलं होतं, मुलाशी हातावर खुणा करून बोलू शकेल असं घरी कोणी आहे का. तू लिहिलंस, "आहे. मी स्वतः. आम्ही सगळं बोलतो." मग त्यांनी म्हटलं, बापच शिकवू शकतो तर वसतिगृहाची जागा दुसऱ्या मुलाला देऊ. त्यांचं तरी काय चुकलं? बंडू, तुला तिच्या हातावर साधं "पाणी" म्हणता येत नाही. ज्या पोरीला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, ती तुझ्या घरात कोणाशी बोलणार? तिची आई गेल्यावर तू तिला इथे आणून सोडलंस, तेव्हा ती चार महिने भिंतीला कपाळ टेकवून बसायची. ते दिवस मला पुन्हा बघायचे नाहीत.

मी तिला माझ्याकडे घ्यावं म्हणशील, तर शिक्षिका म्हणून माझ्या वाट्याला शाळेने आधीच एक मुलगा दिलेला आहे. त्याचा हात सोडून मी भाचीचा धरू शकत नाही.

असं का लिहिलंस? रागावले आहे, पण उत्तराची वाट बघतेय. तब्येतीला जप.

तुझी ताई

१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गिऱ्हाइकांना वाटलं कोणीतरी गेलं.

खरं सांगतो. फॉर्म मी दुकानातच भरला. खुर्चीत आपले निवृत्त पोस्टमास्तर होते, तोंडाला फेस लावलेले, आणि मान वाकडी करून वाचत होते. ताई, मी या माणसाला पाच वर्षं चिमीच्या गप्पा सांगत आलोय. चिमी म्हणाली बाबा मिशी काढा, चिमी म्हणाली मला मोठेपणी दुकानात बसायचंय. एकदा थाप मारली ती मारली, मग लोक विचारायलाच लागले, काय म्हणते लेक? रोज काही ना काही म्हणावं लागे. खरं म्हणजे मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. त्यांच्यासमोर "नाही" कसं लिहू? आपलेच दात आपलेच ओठ.

काल अनुदानाच्या ऑफिसात गेलो. टेबलावरच्या बाई शांत होत्या. उत्तर चुकून लिहिलं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, इथे येत नसून हो म्हणणारेही येतात आणि येत असून नाही म्हणणारेही, तुम्ही मला करून दाखवा. भूक लागली का, हे मुलीला कसं विचारता? त्यांनी आपला तळहात माझ्यापुढे धरला. रांगेत माझ्यामागे सात-आठ माणसं. मी आजवर हजारो गळ्यांवरून वस्तरा फिरवला, कधी बोट हललं नाही. काल हात नुसता हवेत राहिला. त्या वाट बघत राहिल्या, मग त्यांनीच कागद पुढे सरकवला. मी लिहून दिलं: "माझ्या मुलीशी मला एक शब्दही बोलता येत नाही." मग सही केली.

घरी येऊन खूप रडलो. तुला नाही सांगणार तर कोणाला सांगणार?

आता निकाल त्यांच्या हाती. पाठीवर हात असू दे.

तुझा बंडू

२९ जून

चि. बंडूस,
अ. उ. आ.

मंजूर झालं! मुदतीला एक दिवस उरला असताना. चिमीची पेटी भरून दाराशी ठेवली होती, ती मी स्वतः रिकामी केली. तुझ्या कागदावर त्या बाईंनी शेरा मारला आहे, "प्रत्यक्ष पडताळले." मंजुरी वर्षाची आहे, दरवर्षी पालकाने तसंच लिहून द्यायचं, ती चौदा वर्षांची होईपर्यंत.

मागचं सोडून दे. थापाड्या तू लहानपणापासूनच, पण खरं लिहायला गेलास ते मोठ्या माणसाचं काम केलंस. आता एक कर. पुढच्या उन्हाळ्यात आठ दिवस ये. मी शिकवीन तुला. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

चिमी बरी आहे. हल्ली "उद्या" शिकली आहे आणि भेटेल त्याच्या हातावर तेच काढते. ये रे. वाट बघणारी माणसं आहेत इथे.

तुझी ताई

२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आठ दिवसांत तीन शब्द झाले. पाणी, झोप आणि "मी आहे". शेवटचा मी तिच्या हातावर काढला, तर तिने माझा पंजा उलटसुलट करून चाचपला आणि तोच शब्द माझ्या हातावर परत काढला. नऊ वर्षांत लेक माझ्याशी पहिल्यांदा बोलली. गाडीत मी तो हात खिशात घालून बसलो होतो.

घरी आलो तर नवा फॉर्म आलेला. प्रश्न तोच.

तू म्हणशील, तीन शब्दांना कोणी बोलणं म्हणत नाही. बरोबर आहे. म्हणून यंदा "नाही" लिहिलं आणि ते खरं आहे. पण तू मला ओळखतेस. माझं तोंड एकदा सुटलं की थांबत नाही, हाताचंही तसंच होईल. चौथा शब्द आला की चाळिसावा येईल, आणि मग पुढच्या वर्षी त्या बाईंनी हात पुढे केला तर मी काय करू? खोटं आता लिहिणार नाही. खरं लिहिलं तर तिची शिक्षिका जाईल, आणि माझ्या चाळीस शब्दांवर पोर शिकायची नाही.

तेव्हा ताई, मला पुढे शिकवू नकोस. मी येत जाईन. तिच्याजवळ बसेन, पाणी देईन, झोपवेन. पाच वर्षं तेवढ्यावर काढतो. दुकानात आता लोक विचारतात, काय म्हणते लेक? मी सांगतो, ती म्हणते, मी आहे. पुढे काही जोडत नाही.

तिने कधी माझा हात धरून आणखी काही शिकवायला घेतलं, तर तू मध्ये पड. माझ्याच्याने हात मागे घेववणार नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा बंडू