कोण पडलं?

शनिवार, जेवणं उरकल्यावर

वहिनीला ताप आला म्हणून तिच्या तिकिटावर आबांना जॅझच्या कार्यक्रमाला नेलं. आबांनी उभा जन्म कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवलेली. गप बसून ऐकायची सवयच नाही. पहिल्याच रांगेत बसून खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होते. मी दोनदा खुणावलं, पण ऐकतील तर ना.

सॅक्सोफोनवाला दमून बाजूला झाला आणि ड्रमवाल्यानं लय चढवत नेली. मग मध्येच हात वर धरून थांबला. सगळं चिडीचूप. आबा ताडकन उभे राहिले, "कोण पडलं?"

आणि मी काय केलं? पर्समध्ये डोकं घातलं. सख्खा बाप शेजारी उभा, आणि मी पर्समध्ये नसलेलं काहीतरी शोधतेय. का?

ड्रमवाल्यानं हसत विचारलं, "म्हणजे काय, काका?"

"मैदानात हलगी थांबली की कुस्ती झाली म्हणायची. तुमी मधीच थांबलासा की, पावणं."

"अजून कोणी पडलेलं नाही," म्हणत त्यानं आबांच्या बोटांकडे बघत ठेका धरला. बोटं पळाली की तोही पळायचा, थांबली की थांबायचा. सॅक्सोफोनवालाही मागून आला. आबांनी दोघांना घाम फोडला.

शेवटी ड्रमवाल्यानं विचारलं, "काकांच्या सोबत कोण आहे?"

माझा हात इतक्या झटक्यात वर गेला की पर्स उपडी झाली. किल्ल्या आबांनी उचलल्या. कंगवा तिथंच राहिला. राहू दे.