हणमंतरावांची शून्यं

६ जानेवारी १९९७
पोचले एकदाची बेंगळुरात! हवा झकास, आणि कॉफी तर काय सांगू. शिवाजीनगरच्या पार्सल कंपनीत माझा कॉम्प्युटर मांडून झाला. प्रोग्राम भलताच हुशार आहे: ऑफिसचा उद्याचा अख्खा दिवस आजच पडद्यावर चालवून बघतो आणि ज्याला जे येतं त्याप्रमाणे कुणी कुठल्या टेबलावर बसायचं ते ठरवतो. मी फक्त पत्ते, गाठी, बोलणं, वाचणं अशा रकान्यांत प्रत्येकाचे गुण भरायचे, शून्य ते दहा. खोली चामराजपेटेत मिळाली, कंपनीतल्याच क्लार्क हणमंतरावांच्या घरी. घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी. त्यांच्या बायकोनं, तुंगाअक्कांनी, आग्रह करकरून जेवायला घातलं.

७ जानेवारी
सगळ्यांचे गुण विचारून भरले, माझेसुद्धा. बाकीचे स्वतःला दहा-दहा देत सुटले. हणमंतरावांना अख्खं शहर पाठ, पण हात जोडून म्हणाले, मला कुठं काय येतंय, शाल्मली, तीस वर्षं नुसती खुर्ची गरम केली. म्हटलं, बघा हं, खरंच शून्य भरीन. हसून सरी, म्हणजे बरं, म्हणाले. मग भरलीच शून्यं, चेष्टेत! उद्या बदलते.

८ जानेवारी
हणमंतरावांना आज पार्सलवरचा पत्ता वाचता येईना. चष्मा पुसत राहिले. नंतर सुतळीची गाठही मारता येईना. डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत आहे.

९ जानेवारी
ते घरची वाट चुकले. अक्कांना ओळखलं नाही. अक्का खूप रडल्या.
मी भरलं तसंच घडतंय! शून्यं खोडायला बसले, पण मशीन ऐकत नाही. ऑफिसची एकूण बेरीज तेवढीच राहायला हवी म्हणतं. यांना गुण द्यायचे तर दुसऱ्या कुणाच्या ओळीतून काढायचे. कुणाच्या काढू? चेष्टा मी केली.

१० जानेवारी
माझे 'पत्ते'चे गुण त्यांना दिले, आठच्या आठ. तासाभरात अंगात उतरतं. संध्याकाळी ते एकटे घरी आले, येताना भाजी घेऊन. मला अक्का न्यायला आल्या. रिक्षावाल्याला काय सांगायचं तेच कळेना. वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

१३ जानेवारी
'गाठी' दिल्या. 'माणसं ओळखणं'ही दिलं. वेणी दुसऱ्या कुणीतरी घातली.

१४ जानेवारी
संक्रांत. एक बाई एळ्ळु-बेल्ला, इथला तिळगूळ, देऊन गेली. अक्काच होती म्हणे.

१५ जानेवारी
त्यांची वाचाही गेली होती, म्हणून 'बोलणं' दिलं. पुण्याहून आईचा फोन, म्हणे. मी नुसती कानाला धरून बसले. ती हॅलो हॅलो —

१६ जानेवारी
सकाळी एकानं माझे पाय धरले, हणमंतरावच असणार. आता बास, म्हणाले. पण वाचता येत नाही म्हणून साहेब उद्या कामावरून काढणार त्यांना.
वाचणं-लिहिणं एकाच रकान्यात आहे. कळ दाबली.
शेजारच्या टेबलावर ते पत्ते वाचतायत. अडखळत — आता जरा सलग —
कळांवरची अक्षरं पुसट —
नको. अहो थांबा. चुकले मी. मला परत ह