समोरासमोर दहा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पाणीपुरवठा कार्यालयातला निवृत्त आरेखक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला द्यावी. मागच्या खोलीच्या खिडकीची कडी बसत नाही. दरवर्षी करू म्हणत राहून गेली.

२. काचेचे टेबल, पट्ट्या, पेन्सिली आणि पत्नीच्या चौदा वह्याही भाचीलाच. वह्यांबद्दल थोडे लिहावे लागेल.

पत्नी वर्तमानपत्रासाठी सुडोकू तयार करायची. मूळ चौकट तिची, फिरवाफिरवी माझी. एका चौकटीतून अनेक निघतात: कागद फिरवायचा, तीन ओळींच्या पट्ट्यातल्या ओळी आपसांत बदलायच्या, आकड्यांची अदलाबदल करायची. आमची नेहमीची अदलाबदल म्हणजे एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ, तिनाच्या जागी सात, चाराच्या जागी सहा, आणि उलटही तसेच. पाच तेवढा जागचा हलत नाही. सोडवणाऱ्याला कोडे नवेच वाटते.

नवव्या वहीतली शेवटची चौकट मात्र वेगळी आहे. तिला त्यासाठी दोन महिने लागले. मधल्या घरात पाच. बाकी कोणतेही घर घ्या, मध्याच्या पलीकडे त्याच्या बरोबर समोरच्या घराशी बेरीज दहा. सुरुवातीला दिलेले आकडेही तिने असेच समोरासमोर ठेवले. ही चौकट अर्धी फिरवून आकडे बदलले की पुन्हा तीच हाती येते. ते कोडे एका मंगळवारी छापून आले.

त्याच आठवड्यात तिला इस्पितळात ठेवले. शुक्रवारचे कोडे द्यायचे राहिले होते. मी तिला न सांगता तिथल्या बाकावर बसून तीच वही उघडली, चौकट अर्धी फिरवली, आकडे बदलले आणि पाठवून दिली. एकेक घर उतरवत गेलो, पूर्ण चौकटीकडे पाहिलेच नाही. शुक्रवारी मंगळवारचेच कोडे छापले गेले.

माझा धाकटा भाऊ त्याच वर्तमानपत्रात पानांची जुळणी करायचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनींनी शिळंच वाढलं की! वाचकांना काय खुळे समजतात?" सदर बंद झाले.

ती मला म्हणाली, "अहो, पाकिटात मीच एकच कोडं दोनदा घातलं असणार. आजकाल डोकंच चालत नाही माझं."

मी म्हणालो, "असू दे. पडून राहा."

एवढेच म्हणालो. पुढे पाच आठवडे ती होती. रोज संध्याकाळी सांगायचे ठरवायचो, मग तिला औषधाने झोप लागायची. याला अकरा वर्षे झाली. चूक माझी होती. तिची चौकट निर्दोष आहे.

३. धाकट्याशी मी तेव्हापासून बोललेलो नाही. तो म्हणाला ते वाईटच होते, पण ते खोडता येईल असे एक वाक्य माझ्याजवळ होते आणि मी ते गिळले. रागावणे सोपे पडले. आता त्याचाही कंटाळा आला आहे.

४. धाकट्याला मी काहीही ठेवलेले नाही. भाची म्हणेल, "मामा, अजून धरून बसलात का?" तसे नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये. आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. सहीपूर्वी त्याने हे सगळे वाचावे. नववी वही टेबलावर उघडी ठेवली आहे, शेजारी पेन्सिल आहे.

५. माझ्यामागे फार माणसे जमवू नयेत.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: सतरा, मंगळवार, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: आमचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
वाचले. चाळीसच्या चाळीस जोड्या मांडून पाहिल्या. दहाच येतात. वहिनींचे बरोबर होते. दादा, खिडकीची कडी मी रविवारी येऊन बसवतो.