मिठीचा रविवार

ऑल्डरहोप,
सोमवार, २ सप्टेंबर १९९६

ती. डॉर्कसमावशीस,
रॉबिनचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला खरा. रोज लिहायला बसतो आणि रोज कुणीतरी खिडकीतून तुझ्या खुब्याची चौकशी करतं. चर्चमधल्या, बायबल ठेवायच्या पितळी गरुडाची चोच घासायला या वयात स्टुलावर चढतं का कुणी, असं सगळं गाव मलाच विचारतं, जणू मीच तुला चढवलं होतं. कोंबड्या मजेत आहेत. एक कमी झाली, ती तिरसट तांबडी. कोल्ह्याने तिला नेलं की तिने कोल्ह्याला, हे सांगता येत नाही.

चर्चमध्ये वटवाघळं फार झालीत. गुडघे टेकायच्या ज्या उशा तुम्ही बायकांनी दोन हिवाळे बसून विणल्या, त्यांवर त्यांनी जे करायचं ते केलंय. कायद्याने त्यांना हात लावायचा नाही. ट्रँटरकाका म्हणतात, या गावात कायदा फक्त वटवाघळांच्याच बाजूचा आहे. मी काल तासभर नुसता वर बघत बसलो होतो. त्यांची पिल्लं कशी उलटी... पण ते राहू दे, मुद्द्याची गोष्ट वेगळीच आहे.

काल प्रार्थनेनंतर पाद्री ज्युडिथबाईंनी सांगितलं की बावीस तारखेला, मिठीच्या रविवारी, बिशपसाहेबांच्या कचेरीतून एक माणूस येणार आहे. गावात माणसं उरली नाहीत, छप्पर गळतं आणि बाईंना सहा गावं एकटीने सांभाळावी लागतात. म्हणून तो बघणार, की गावाला अजून दर वर्षीसारखी चर्चला मिठी घालता येते का, म्हणजे हातात हात धरून चर्चभोवती पुरं कडं करता येतं का. नाही जमलं तर दाराला कुलूप, आणि रविवारी सगळ्यांनी शेजारच्या गावी जायचं. प्रिचर्ड मंडळी पोरंबाळं घेऊन शहरात गेली. ओढ्याकाठची घरं तर आता सुट्टीला येणाऱ्यांचीच. मी बोटांवर माणसं मोजायला बसलो आणि मध्येच सोडून दिलं.

शिवाय तुझी जागा रिकामी. म्हटलं, मी उभा राहू का तिथे? कळव. मित्राची व्हॅन वीस तारखेला फ्रान्सला द्राक्षतोडणीला निघते. पण दोन दिवस इकडेतिकडे करता येतील बहुतेक.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कोंबडीमुळे कमी करू नकोस.
तुझा,
रॉबिन

*

बार्मथ,
गुरुवार, ५ सप्टेंबर

चि. रॉबिन यास,
मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. आधी हे ऐक. माझ्या जागी उभा राहू नकोस. तुझ्या आईने गाव सोडलं आणि तुला काही शिकवलं नाही, म्हणून सांगते. मिठीत प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. जिवंत माणसाच्या जागी दुसरं माणूस उभं राहिलं, तर मूळचं माणूस पुन्हा त्या जागी येत नाही. आजारी असेल त्याचं अंगावरचं वस्त्र नेतात आणि दोन्हीकडचे शेजारी ते धरतात. तुझे विल्फकाका दवाखान्यात होते त्या वर्षी मी त्यांचा कोट धरला होता, आणि वसंतात ते आपल्या पायांनी घरी आले. गेले ते पुढे, आणि तेव्हा कोट कुणी धरला नाही. आम्ही सरकून उभे राहिलो. ते आता तिथेच, भिंतीलगत निजलेत. दाराला कुलूप लागलं तर त्यांच्याकडे कोण बघणार आणि मला तरी त्यांच्या शेजारी कोण आणून ठेवणार?

तेव्हा माझा निळा अ‍ॅप्रन ने. मोरीच्या दारामागे खुंटीला आहे. इस्त्री कर.

आता खरी धास्ती. माझ्या उजव्या हाताला सिरिल ट्रँटर आणि डाव्या हाताला आयव्ही बेडोज. तू तेव्हा कुठे भटकत होतास, म्हणून तुला ठाऊक नसेल. सुगीच्या सणाला सिरिलने बक्षिसाचा भोपळा वेदीपाशी ठेवला होता. रात्रीच्या जेवणाचं आयव्हीकडे होतं. तिला वाटलं भोपळा जेवणासाठीच आलाय. तिने त्याचं सूप केलं. सिरिलने दोन वाडगे ओरपले, वर भर मंडपात तिची तोंडभरून स्तुती केली, आणि मग भोपळा बघायला गेला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. यवच्या झाडाखालच्या त्या कोपऱ्यात मीच मधे असते म्हणून कडं जुळतं. माझ्या फडक्याची दोन टोकं ती दोघं धरतील का, देव जाणे.

मी नाताळपर्यंत येतेच. लेक म्हणून ब्रेंडा फार करते माझं, पण तिचा चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी.

आशीर्वाद आहेतच. ते लागू पडायला हवे असतील तर त्या व्हॅनमध्ये चढू नकोस.
तुझी,
डॉर्कसमावशी

*

ऑल्डरहोप,
सोमवार, ९ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अ‍ॅप्रन सापडला. इस्त्री करताना थोडा... नाही, डाग दिसणार नाही, आतल्या बाजूला आहे.

ट्रँटरकाकांकडे गेलो. ते घंटाघरात दोरांना मेण लावत होते. मी विषय काढला तर म्हणाले, डॉर्कसबाईंचा अ‍ॅप्रन मी डोक्यावर धरीन, पण दुसरं टोक त्या सूपवालीच्या हातात असेल तर मी आपला वर घंटा वाजवीत बसेन. मग बेडोजकाकूंकडे गेलो. त्यांनी आधी मला मनुकांचा पाव खायला घातला, मग दुसरा, आणि मग म्हणाल्या, बाळ, मी माफी मागायला त्यांच्या दारात गेले होते आणि त्यांनी आतून कडी लावली. आता ते आले तरी मी चुलीपाशीच बरी. वर हेही म्हणाल्या, की भोपळा कडूच होता, मीठ मी ओतलं म्हणून वाडगा खाली ठेवला नाही कुणी.

मी इकडून तिकडे निरोप पोचवून थकलो. भोपळा कडू होता हे तेवढं पोचवलं नाही. मी अगदीच बिनडोक नाहीये.

बारक्या गोष्टी: वटवाघळं तशीच. फुलांची पाळी या आठवड्यात तुझी होती, म्हणून मी कुंपणावरचं जे दिसलं ते खोचलं. त्यात खाजकुयलीसारखं काहीतरी होतं, ज्युडिथबाईंचे हात सुजलेत. रागावल्या नाहीत.

तू काळजी करू नकोस. मी करतोय ती पुरे.
लोभ दोन्हीकडून असू दे, एका टोकाने काही तोललं जात नाही.
तुझा,
रॉबिन

*

बार्मथ,
बुधवार, ११ सप्टेंबर

चि. रॉबिन यास,
ब्रेंडाताईचे अ. उ. आ.

हे पत्र आईला न दाखवता टाकतेय, तेव्हा उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. काल डॉक्टर येऊन गेले. हाड जुळतंय, पण तुमच्याकडच्या त्या पायऱ्या, बाहेरचा कोळसा, ओली फरशी हे आता तिला झेपणार नाही म्हणाले. ती नाताळला काय, नंतरही परत यायची नाही. ती इथेच राहील. मी अजून तिला सांगितलेलं नाही. मिठीचा रविवार होऊन जाऊ दे, मग सांगेन. रोज तिथली वर्णनं ऐकते मी तिच्या तोंडून, आणि धीर होत नाही.

तुला एवढ्यासाठी लिहिलं की घर रिकामं ठेवायचं की काय करायचं, याचा विचार करावा लागेल. तू कुठे असशील हे तुला तरी माहीत असतं का? रागावू नकोस, पण तुझा भरवसा कुणी किती धरावा.

माया आहेच, ती बोलून दाखवायला वेळ होत नाही इतकंच.
तुझी,
ब्रेंडाताई

*

ऑल्डरहोप,
सोमवार, १६ सप्टेंबर

ती. ब्रेंडाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. कुणाला दाखवलेलं नाही.

मावशीला काल काय झालं ते सांगू नकोस. प्रार्थनेनंतर ज्युडिथबाईंनी सगळ्यांना बाहेर नेऊन मिठीचा सराव घेतला. बायका, म्हातारे, कुबड्या, सगळे हात ताणून उभे. बेडोजकाकू आल्या, ट्रँटरकाका आले नाहीत. यवच्या कोपऱ्यात एवढी फट पडली की त्यातून गाय गेली असती. म्हणजे खरीच गेली, लेवेलिनांची. कुणी हसलं नाही.

मी त्या फटीत जाऊन उभं राहावं असं दोघातिघांनी सुचवलं. एरवी मी राहिलोही असतो, मला या रीतीभातींचं फारसं काही नाही. पण आता मला माहीत आहे ना की ती येणार नाही. मी तिथे उभा राहिलो तर मी सगळ्या गावाला सांगितल्यासारखं होईल. आणि अ‍ॅप्रन नेला तर ती येणार असं खोटं सांगितल्यासारखं. माझ्यासारख्याला असल्या ठिकाणी कोण नेऊन उभं करतं?

संध्याकाळी ट्रँटरकाकांच्या दारात जाऊन बसलो. त्यांनीच आतून विचारलं, डॉर्कसबाई येणार ना परत? मी म्हटलं, तिने अ‍ॅप्रन आणायला सांगितलंय. हे खोटं नव्हतं.

तुझा राग आलेला नाही. भरवशाचं म्हणशील तर तूच बरोबर आहेस.
कळावे, आणि जे कळवायचं नाही ते न कळवावे.
रॉबिन

*

बार्मथ,
बुधवार, १८ सप्टेंबर

चि. रॉबिन यास,
अ. उ. आ.

रविवारी सराव असतो हे मला ठाऊक आहे. तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे कडं जुळलं नाही. फट यवच्याच कोपऱ्यात पडली असणार. मला इथे खिडकीतून समुद्र दिसतो आणि बाकी काही दिसत नाही. रात्री पाय ठणकला नाही तरी जाग येते.

आयव्हीला सांग, पावात मनुका जास्त घाल, कचेरीतली माणसं भुकेली असतात. सिरिलला काही सांगू नकोस, सांगितलं की तो उलटं करतो.

व्हॅन परवा निघते, नाही का? मी विचारत नाही.
आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी दोन जास्तीचे.
डॉर्कसमावशी

*

ऑल्डरहोप,
सोमवार, २३ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी पुढचं सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल: कडं जुळलं! आता मागचं सांगतो.

सकाळी धुकं होतं. कचेरीतला माणूस राखाडी रेनकोटात, काखेत फाईल. ट्रँटरकाका घंटा वाजवून खाली आले आणि कुणाकडे न बघता तुझ्या जागेच्या एका बाजूला जाऊन उभे राहिले. बेडोजकाकू दुसऱ्या बाजूला. मी मधे अ‍ॅप्रन धरला. दोघांनी चिमटीत एकेक कड घेतली, जणू मेलेला उंदीर. मग मी धावत पलीकडे बॉयलरच्या भिंतीपाशी माझ्या जागी गेलो, पाहुणेरावळे उभे राहतात तिथे.

आणि तिथे फट! कोपऱ्यातली गेली ती माझ्याकडे आली. माझी बोटं आणि लेवेलिनांच्या थोरल्या मुलीची बोटं यांच्यात हातभर अंतर. मी ओरडलो, ओढा! तिने पलीकडच्याला सांगितलं, ओढा, आणि तो ओढा भिंतीभोवती फिरत यवपर्यंत पोचला. पुढचं मला मागून कळलं. तिथे दोघंही एकमेकांपासून दूर खेचले जात होते. अ‍ॅप्रनची कड सुटणार, इतक्यात बेडोजकाकू म्हणाल्या, अहो कापड काय धरून बसलात, बंद धरा बंद! भोपळ्यानंतरचं हे पहिलं वाक्य. ट्रँटरकाका म्हणाले, मग आधी सांगायला काय झालं होतं? आणि दोघांनी एकेक बंद मुठीला गुंडाळला. मावशी, तुझ्या कमरेला दोनदा वेढा घालून पुढे गाठ मारायचे ते बंद! तू स्वतः असतीस तर एवढी लांब पुरली नसतीस. इकडे माझ्या हातात थोरलीचा हात आला, राकट आणि गार.

स्तोत्र सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला डावा बंद शिवणीतून टचटच उसवायला लागला. बेडोजकाकूंनी ज्युडिथबाईंना डोळ्यांनी खुणावलं, आणि बाईंनी शेवटची दोन कडवी अशी म्हटली की जणू आगगाडी सुटत होती. गरीब बिचारा देव, त्याला काय कळलं असेल!

कचेरीतला माणूस बाहेरून फेरी मारत आला. यवपाशी थांबून त्याने विचारलं, हे काय, अ‍ॅप्रन आहे का? ट्रँटरकाका म्हणाले, त्या डॉर्कसबाई आहेत. त्याने टोपी काढली आणि पुढे गेला.

चार पाव खाल्ले त्याने. कळवतो म्हणाला. अ‍ॅप्रन बेडोजकाकू शिवायला घेऊन गेल्यात, ट्रँटरकाका त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. वाटेत पुन्हा भोपळ्यावरून भांडण झालं, पण बोलून झालं.

व्हॅन गेली. द्राक्षं काय, दर वर्षी पिकतात. तू लवकर ये, असं लिहिणार होतो. कागद संपत आलाय.
लोभ आहे, तो शिवणीतून उसवू देऊ नकोस.
तुझा,
रॉबिन

*

बार्मथ,
गुरुवार, २६ सप्टेंबर

चि. रॉबिन यास,
मावशीचे अनेक, अनेक उ. आ.

तुझं पत्र मी ब्रेंडाकडून दोनदा वाचून घेतलं. टोपीच्या वाक्याला ती उठून स्वयंपाकघरात गेली.

कागद संपत आला म्हणतोस, पण मागची अख्खी बाजू कोरी होती. तुला खोटं लिहिता येत नाही, बाळा, तेवढं शिक्षण तुझं राहूनच गेलं. मला माहीत आहे. ब्रेंडाने पंधरवड्यापूर्वी माझ्या खोलीसाठी पडदे शिवायला घेतले, अस्तर लावून. परत जायचं असतं त्या माणसासाठी कुणी अस्तराचे पडदे शिवत नाही. ती रविवारची वाट बघत होती आणि मी तिची. काल दोघी मिळून रडलो आणि मग मी तिला चहा करायला शिकवला.

तेव्हा आता नीट ऐक. अ‍ॅप्रन एकदाच न्यायचा असतो. पुढल्या वर्षी तो खुंटीलाच राहू दे. माझ्या जागी तू उभा राहा. मी स्वतः सांगतेय, म्हणजे यात अपशकुन नाही. विल्फशेजारची माझी दुसरी जागा कुणी घेत नाही, तिथे मी सावकाश येईन. दार उघडं राहील असं मला आता वाटतं.

मी तुला बांधून घालत नाहीये. तीनशे चौसष्ट दिवस कुठेही भटक. एक रविवार तेवढा माझा.
लोभ आता त्या जागेसकट तुझा.
तुझी,
डॉर्कसमावशी

*

(पोस्टकार्ड)
डोव्हर, ८ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

बोट तासाभरात सुटते. ऑलिव्ह अजून तोडायचे आहेत म्हणतात. कोंबड्या बेडोजकाकूंकडे, घराची किल्ली ट्रँटरकाकांकडे. दाण्यांची पोती घरातच आहेत, म्हणजे दोघांना बोलावंच लागतं. कचेरीचं पत्र आलं. दार एक वर्ष उघडं, पुढल्या मिठीला पुन्हा येऊन बघणार.

एक विचारायचं राहिलं. उजव्या हाताला ट्रँटरकाका असं तू लिहिलं होतंस, ते पाठ भिंतीकडे असताना की तोंड? ट्रँटरकाका माझ्या उजव्या हाताला येतात की डाव्या? आत्ताच सांगून ठेव, पुढल्या मिठीला तुझ्या जागी उभं राहताना धांदल नको.

रॉबिन